सह्याद्रीच्या आडोशाला : गलाईवाल्यांच्या गावात पाच दिवस

पहिला दिवस : सांगली, हरिपूर

कॉलेजात असताना वसतिगृहात माझ्याच खोलीत राहणारी मैत्रीण दिवाळीची सुट्टी संपवून परतली, की तिच्या बॅगेतून दोन वास एकदम यायचे. एक कांदा-लसूण चटणीचा, दुसरा खोबरेल तेलात तळलेल्या केळ्याच्या वेफर्सचा. "माझं गाव विट्याजवळ, घर कोइम्बतूरला. पप्पांची तिथं गलाई आहे," एवढंच ती सांगायची. गलाई म्हणजे काय आणि विट्याकडची माणसं तमिळनाडूत काय करतात, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

यंदा चैत्रात तिचा फोन आला. "आमच्या जत्रेला येच. आक्का म्हणतेय की ती आता पुन्हा कोइम्बतूरला जाणार नाही. तिच्या हातचं खायचं असेल तर हीच वेळ आहे." आक्का म्हणजे तिची आजी. मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली.

पुण्याहून सकाळच्या गाडीनं सांगलीला उतरले. विट्याला थेटही जाता आलं असतं, पण हरिपूरची हळदीची पेवं बघायची राहिली होती. कृष्णा-वारणेच्या संगमावर, संगमेश्वराच्या देवळापासून जवळ ही पेवं आहेत. जमिनीत खोदलेला मोठा रांजण म्हणा ना: तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट मात्र ऐसपैस. तळाला आणि कडेला पालापाचोळा, गवत लावायचं, हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं हळद तशीच राहायची, कीड लागायची नाही. पेव उघडलं तरी लगेच आत उतरत नाहीत, कारण आतली हवा कोंडलेली असते. २००५ च्या महापुरानं यातली बरीच पेवं बाद केली आणि २०१९ च्या पुरानं उरलेल्यांची रया घालवली. आता हळद गोदामात आणि शीतगृहात जाते. तिथं भेटलेल्या एका म्हाताऱ्या हमालानं मला बंद पेवाच्या तोंडावर उभं केलं आणि म्हणाला, "पाय आपटा." आपटला. खालून पोकळ आवाज आला. "आत अजून घर हाय बघा," तो म्हणाला.

सांगलीत मुक्काम करणार असाल तर भडंग शेवटच्या दिवशी घ्या, म्हणजे ताजं मिळेल आणि घरी नेल्यावर पंधरा दिवस कुरकुरीत राहील. हरिपूरला संध्याकाळी उन्हं उतरल्यावरच जा.

दुसरा दिवस : तासगाव, विटा आणि आक्काचं माडगं

सांगली-तासगाव-विटा अशी एसटी मिळते. तासगावला मी मुद्दाम उतरले, कारण गणपतीच्या देवळाचं गोपूर मला जवळून बघायचं होतं. परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हे देऊळ बांधलं. दक्षिणेच्या मोहिमांत बघितलेली गोपुरं त्यांच्या मनात भरली आणि सात मजल्यांचं गोपूर थेट तासगावच्या पेठेत उभं राहिलं. माणूस दूर जातो आणि तिथलं काहीतरी बरोबर घेऊन येतो. कुणी गोपूर आणतं, कुणी रसम आणतं. त्या दिवशी गोपुराखाली उभी असताना मला पुढं काय बघायला मिळणार आहे याची कल्पना नव्हती, पण परतताना हेच गोपूर पुन्हा डोळ्यांसमोर आलं.

तासगावात बेदाणा घ्यायचा तर हिरवा, लांबट बघून घ्या आणि चव घेतल्याशिवाय घेऊ नका. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, दुकानदार चार प्रकार हातावर ठेवतात, संकोच करू नये.

विट्याला स्टँडवर मैत्रिणीचे काका, तात्या, न्यायला आले होते. ऊन मी म्हणत होतं. घरी जायच्या आधी त्यांनी मला त्यांच्या एका भावकीतल्या माणसाच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या, दुकानात नेलं. "आदी काम बघा, मग आमची कथा कळंल," ते म्हणाले.

दहा बाय बाराची खोली. कोपऱ्यात भट्टी, धुरासाठी वर पंखा आणि नळकांडं. समोर एक सोनार जुन्या बांगड्यांचे तुकडे घेऊन बसला होता. तुकडे मुशीत टाकले, वर सवागी, म्हणजे टाकणखार, टाकला, मूस भट्टीत गेली. थोड्या वेळानं आतलं सोनं पिवळ्या पाण्यासारखं हलायला लागलं. साच्यात ओतून त्याची लगड केली. आता त्यात सोनं किती आणि तांबं-चांदी किती, म्हणजे टंच किती, ते बघायचं. पूर्वी कसोटीच्या दगडावर रेघ ओढून डोळ्यांनी ठरवायचे, आता किरणं टाकून आकडा सांगणारं मशीन आहे. निखळ सोनं वेगळं काढायची रीत तात्यांनी समजावून सांगितली. सोन्याच्या तिप्पट चांदी मिसळून पुन्हा वितळवायचं, त्याच्या पातळ पाती करायच्या आणि तेजाबात, म्हणजे ॲसिडात, उकळायच्या. चांदी-तांबं विरघळतं, सोनं तळाशी तपकिरी भुकटी होऊन बसतं. ती भुकटी वितळवली की शंभर नंबरी. उरलेल्या पाण्यात तांब्याचा पत्रा ठेवला की चांदीसुद्धा परत खाली बसते. सोनाराच्या दुकानातली झाडलोटीची धूळही वाया जात नाही, तिच्यातूनही सोनं निघतं.

हे काम घेऊन खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव या तालुक्यांतली माणसं देशभर गेली. केरळ, तमिळनाडू, कर्नाटक, बंगाल, पंजाब, उत्तर प्रदेश, अगदी नेपाळपर्यंत. जिथं सोनाराची पेठ तिथं गलाईवाला, आणि तो बहुतेक करून याच दुष्काळी पट्ट्यातला. एक गेला की त्यानं भावाला नेलं, भावानं मेहुण्याला, मेहुण्यानं गावातल्या पोराला. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणानं, म्हणजे सोन्यावरच्या सरकारी बंधनांनी, या लोकांचं कंबरडं मोडलं होतं. १९९० मध्ये ते नियंत्रण उठलं आणि धंद्याला पुन्हा हात फुटले. २०२१ च्या जूनपासून हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्यानं आल्यावर कामाची तऱ्हा परत बदलली. तात्या हे सगळं भट्टीकडं बघत बघत सांगत होते. सोन्याची आणि पुरुषांची ही बाजू बऱ्याच जणांना माहीत असते. मला मात्र त्या दोन वासांचा माग काढायचा होता.

गावाचं नाव लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. विट्यापासून अर्ध्या तासावर, माळावरचं गाव. शिरताना पहिल्यांदा दिसतात ते बंगले. दोन-दोन मजल्यांचे, रंगवलेले, गच्चीवर घोडे नाहीतर कमळं आणि बहुतेकांच्या फाटकाला कुलूप. जत्रेचे चार दिवस आणि दिवाळी सोडली तर ही कुलपं निघत नाहीत. दसऱ्याला विट्याच्या पालख्यांची शर्यत बघायला येणारे काही जण असतात, ते वेगळे.

आक्का सोप्यात बसली होती. डोक्यावर पदर, नाकात मुरणी. "आलीस व्हय? किती वाळलीयास गं. उन्हातनं आलीयास, आदी हे पी." तिनं पुढं केलेल्या वाटीत हुलग्याचं, म्हणजे कुळथाचं, माडगं होतं. हुलगे खमंग भाजून दळायचे, ते पीठ पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडायचं, लसूण-जिऱ्याची फोडणी, मीठ. दाटसर, तपकिरी, धुराचा हलका वास असलेलं. आजारी माणसाला गूळ-सुंठ घालून देतात. माणदेशाकडच्या दुष्काळी घरांनी याच्यावर पावसाळे काढलेत. याच पिठाची शेंगोळी रटरटत्या रश्श्यात शिजली की जेवण होतं.

पण आक्काच्या वाटीत आणखी काहीतरी होतं. मिऱ्याचा तिखटपणा आणि मागून येणारी चिंचेची आंबट चव. मी मैत्रिणीकडं बघितलं. ती हसली. "विचार तिलाच."

आक्का १९७२ च्या दुष्काळात या गावात होती. नवरा कोइम्बतूरला, पदरात दोन पोरं. पाझर तलावाच्या कामावर तिनं खडी फोडली, सुकडी खाल्ली, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापल्या. "ती भाकरी तव्यावरच फुटायची बग. पोरं म्हणायची, आये, ही नगं." पुढच्या वर्षी नवऱ्यानं तिला तिकडं नेलं. दुकानाच्या माळ्यावर संसार. खाली भट्टी, वर चूल. ज्वारीचं पीठ मिळायचं नाही, भात पोरांच्या पोटात राहायचा नाही, बाजारात कुणाशी बोलता यायचं नाही.

"एक दिस दुकानात गेले, तर पोत्यात हुलगं दिसलं. मी म्हटलं, आगं बया, ह्यो तर आमचाच हुलगा! नाव ठावं न्हाय, भाषा ठावी न्हाय. मूठभर उचलला, वास घेतला अन् पदरात टाकला. दुकानदार हसाय लागला. म्हणला, कोळ्ळू. मी म्हटलं, कोळ्ळू तर कोळ्ळू."

तिच्या आयुष्यातला तो पहिला तमिळ शब्द. त्यातला 'ळ' आपल्याकडच्यासारखाच असल्यामुळं तो तिला पहिल्याच दिवशी नीट म्हणता आला. शेजारच्या म्हातारीनं, जिला ती अजून 'पाटी', म्हणजे तमिळमध्ये आजी, म्हणते, तिला कोळ्ळूचं रसम शिकवलं. हुलगे उकळायचे, पाणी गाळून घ्यायचं, त्यात चिंच, मिरी, जिरं, लसूण, कढीपत्ता. शिजलेले हुलगे वाटून भाताशी खायचे. आक्काला यात नवल वाटलं नाही, कारण पुरण शिजवल्यावर डाळीचं वरचं पाणी काढून आपण येळवणीची आमटी करतोच की. शिजवलेलं पाणीसुद्धा ओतून द्यायचं नाही, ही रीत दोन्हीकडची. पाटीला ताप आला तेव्हा आक्कानं तिला लसणाचं माडगं करून पाजलं. त्यानंतर दोन्ही घरांत दोन्ही पदार्थ होऊ लागले आणि पुढं आक्काच्या माडग्यात मिरी-चिंच कधी शिरली ते तिलाही आठवत नाही.

पाटीनं तिला एक तमिळ म्हणही शिकवली होती: बारीक माणसाला तीळ, जाड माणसाला हुलगा. आक्का तमिळमध्ये ती अजून ठसक्यात म्हणते.

रात्री अंगणात बाजेवर पडल्यावर मैत्रिणीच्या धाकट्या भावानं फोनवर नकाशा काढून दाखवला. पावसाळी वारे समुद्रावरून येतात, सह्याद्री त्यांना अडवतो, सगळं पाणी कोकणात पडतं आणि डोंगराच्या आडोशाला खानापूर, आटपाडी, माण कोरडे राहतात. तोच डोंगर खाली दक्षिणेपर्यंत जातो. तिथं पाऊस केरळला आणि आडोसा कोइम्बतूरच्या वाट्याला. म्हणजे आक्का हजार किलोमीटर गेली आणि त्याच डोंगराच्या त्याच बाजूला जाऊन राहिली. कमी पाण्यावर येणारा हुलगा दोन्हीकडं असणारच होता. मी कितीतरी वेळ तो नकाशा बघत राहिले.

तिसरा दिवस : गोडी जत्रा आणि वळीव

सकाळी जाग आली ती खोबऱ्याच्या वासानं. मैत्रिणीची चुलती त्रिशूरला असते. तिनं पुट्टूचं नळकांडं बरोबर आणलं होतं. केरळात ओलसर केलेलं तांदळाचं पीठ आणि खोबऱ्याचे थर त्या नळीत भरून वाफवतात. हिनं तांदळाऐवजी जाडसर ज्वारीचं पीठ घेतलं होतं. सोबत मोड आलेल्या मटकीची उसळ. घरातली पोरं याला 'नळीतली भाकरी' म्हणतात. चुलती म्हणाली, "आमच्या पोरांना भाकरी नको असायची, पुट्टू पाहिजे असायचा. म्हटलं, पुट्टूतनं ज्वारी घालीन, पण पोटात ज्वारी जाईल." तिकडं ज्वारी मिळत नव्हती त्या काळात गावाकडून पोती जायची. मिरजेला रेल्वेत चढवायची आणि तिथं उतरून घ्यायला चार घरांची माणसं यायची. आता शहरात मिळते, तरी सासूनं दिलेलं पोतं कुणी नाकारत नाही.

जत्रेचा पहिला दिवस गोडा, पुरणपोळीचा. एकाच घरात पाच चुली पेटल्या होत्या. पुरणपोळी, गुळवणी, दूध, येळवणीची आमटी, भात, कुरडया. पोळ्या लाटणाऱ्या बायकांत कोइम्बतूर, त्रिशूर, कोलकाता, अमृतसर अशा चार गावच्या सुना बसल्या होत्या आणि चौघींच्या मराठीत चार हेल होते. थोरल्या सुनेनं सांगितलं की कोइम्बतूरच्या दुकानात पुरणपोळी 'पोळी' याच नावानं मिळते, डाळीचीही आणि ओल्या खोबऱ्याचीही. तिच्या मुलाला शाळेत विचारायचे, "तुम्ही तंजावरचे मराठी का?" कारण तमिळनाडूत मराठी म्हटलं की लोकांना व्यंकोजीराजांचं तंजावर आठवतं. १८५५ पर्यंत तिथं भोसल्यांची गादी होती आणि त्यांच्याबरोबर गेलेली मराठी घरं आजही तिथं आहेत. मुलगा दरवेळी सांगायचा, "नाही, आम्ही विट्याचे." एकदा तंजावरच्या एका मराठी आजींशी तिची लग्नात भेट झाली. दोघींना एकमेकींचं मराठी अर्धंच कळलं, पण आमटीच्या चवीवर दोघी तासभर बोलल्या.

जत्रेला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. घराघरांतून जेवायचं बोलावणं येतं, नाही म्हटलं तर माणसं दुखावतात, म्हणून पहिल्या घरी पोटभर जेवू नका. आणि पाणी स्वतःचं ठेवा. उन्हाचा तडाखा माळावर जास्त लागतो, डोक्याला रुमाल किंवा टॉवेल हवाच.

संध्याकाळी पालखी निघाली. गुलाल, हलगी, सनई. मुंबई-पुण्याच्या गाड्यांबरोबर केरळ, पंजाब, बंगालच्या पाट्या असलेल्या गाड्या माळावर लागलेल्या. आणि सातच्या सुमारास पश्चिमेकडून आभाळ काळं होत आलं. आधी धुळीचा लोट, मग वारा, मग टपोरे थेंब आणि गारा. वळीव असा कोसळला की जेवणाचा मांडव दहा मिनिटांत आडवा झाला. पंगतीत बसलेली दोनशे माणसं ताटं डोक्यावर धरून पळाली.

तेव्हा शेजारच्या कुलूपबंद बंगल्याची किल्ली घेऊन एक आज्जी पावसात भिजत आली. बंगला कोलकात्याला राहणाऱ्या दुसऱ्या एका घराचा. ते लोक दुसऱ्या दिवशी पोचणार होते. दोन वर्षं उघडला नव्हता. कुलूप गंजलेलं, तेल सोडून उघडलं. आत फर्निचरवर पांढऱ्या चादरी, भिंतीवर दुर्गेचं चित्र आणि शेजारी आपल्या ग्रामदैवताचा फोटो. वीज गेलेली. मोबाइलच्या उजेडात फरशी पुसली, सतरंज्या टाकल्या आणि पंगत पुन्हा बसली. बाहेर गारा वाजत होत्या आणि आत पुरणपोळीवर तूप पडत होतं. किल्ली आणणारी आज्जी दारात उभी राहून प्रत्येकाला म्हणत होती, "बसा, बसा, आपलंच घर हाय." तिचा त्या घराशी रक्ताचा संबंध नाही. वर्षभर ती फक्त त्यांच्या तुळशीला पाणी घालते.

चौथा दिवस : खारी जत्रा

पावसानं हवा धुऊन निघाली होती. माळाला मातीचा वास. जत्रेचा दुसरा दिवस खारा, म्हणजे मटणाचा. या दिवशी चुलीपाशी पुरुष असतात. कांदा-खोबरं भाजून वाटलेलं, आणि वर्षाची चटणी. बाहेरच्यांसाठी सांगते, इकडं 'चटणी' म्हटलं की कांदा-लसूण मसाला. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी आणि लवंगी तिखटाला, भाजलेले मसाले, तळलेला कांदा, लसूण, खोबरं, सगळं डंकावर कुटून आणायचं. उन्हाळ्यात दोन दिवस घरातल्या सगळ्यांना शिंका येतात. बरणीत भरताना वर हिंगाचे खडे ठेवा आणि ओला चमचा कधी घालू नका, वर्षभर टिकते. परगावी राहणारी प्रत्येक सून दहा-पंधरा किलो चटणी घेऊन जाते. तिकडच्या चिंचेत, तिकडच्या खोबरेलात, तिकडच्या मोहरीच्या तेलातही ती पडते आणि पदार्थ पुन्हा गावाचा होतो.

सकाळी कोलकात्याचं घर पोचलं. आपल्या बंगल्यात रात्री दोनशे माणसं जेवून गेली हे कळल्यावर घरातल्या कर्त्या बाईंनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर बटाटे सोलायला घेतले. त्यांच्याकडं मटणाच्या रश्श्यात अर्धा-अर्धा बटाटा असतोच, बंगालची तशी रीत आहे. चुलीवरचे दादा म्हणाले, "वहिनी, जत्रेच्या मटणात बटाटा? पावणे काय म्हणतील, मटण कमी पडलं म्हणून बटाटं घातलं." गावाकडं बटाटा म्हणजे काटकसर आणि पाहुण्यांपुढं काटकसर दिसणं म्हणजे कमीपणा, हे त्यांचंही खरं होतं. वहिनींचंही खरं होतं. तीस वर्षं त्यांनी बटाट्याशिवाय मटण केलेलं नाही आणि त्यांच्या मुलांना तेच गावाचं मटण वाटतं. शेवटी आक्कानं निकाल दिला. वेगळ्या पातेल्यात बटाट्याचं मटण झालं आणि त्याला चटणी गावाचीच पडली. दुपारपर्यंत ते पातेलं आधी संपलं. लाल तर्रीत रस्सा प्यायलेला तो बटाटा मी दोनदा मागून घेतला.

अमृतसरच्या घरानं उडदाच्या मसालेदार वड्या आणल्या होत्या. आपल्या सांडग्यांच्या थोरल्या बहिणीच म्हणायच्या. त्यांच्या आईनं त्यातल्या चार वड्या आणि चार सांडगे एका ताटात ठेवून पोरांना ओळखायला सांगितले. पोरांनी बरोबर ओळखले, पण दोन्हींना 'आपलीच' म्हणाले.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी आक्काला विचारलं, परवाच्या माडग्याचा हुलगा कुठल्या रानातला? ती जरा गप्प बसली. टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं तसं इकडचं रान बदललं. कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवून खानापूर-आटपाडीपर्यंत आणलं आणि जिथं बाजरी-हुलगा व्हायचा तिथं ऊस, द्राक्षं, डाळिंबं उभी राहिली. याचं तिला वाईट वाटत नाही. "पाणी आलं, चांगलंच झालं. पाण्यासाठनं आमची हाडं झिजली." पण तिच्या घरात आता हुलगा पिकत नाही. शेजारीपाजारीही कुणी माळाच्या तुकड्यावर पेरला तर पेरला.

"मग हा?"

"हिनं आणला की." तिनं मैत्रिणीकडं बोट केलं. "कोइम्बतूरचा हाय. पाटीच्या नातवानं आठवणीनं दिला."

मी काही बोलले नाही. पन्नास वर्षांपूर्वी ज्या दाण्याचा वास घेऊन ती परक्या बाजारात सावरली, तो दाणा आता तिकडून इकडं येत होता आणि पाटी गेल्यावरही तिचा नातू तो पाठवत होता. आक्कानं डबा उघडून मला दाखवला. लालसर, चपटे, इवलेसे दाणे. ती त्यातून बोटं फिरवत बसली.

तात्यांनी आणखी एक दुवा जोडून दिला. देशातल्या हळदीच्या दोन मोठ्या पेठा म्हणजे सांगली आणि इरोड, आणि इरोड कोइम्बतूरपासून दोन तासांवर. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळालं, इरोडच्या हळदीला २०१९ मध्ये. आक्काच्या फोडणीत तिकडं असताना इरोडची हळद पडायची आणि इथं सांगलीची. फरक कळतो का, मी विचारलं. "रंगात कळत न्हाय. वासात कळतोय," ती म्हणाली. "पर चांगल्या दोनी."

पाचवा दिवस : मिरज

सकाळीच रेणावीच्या रेवणसिद्धाला जाऊन आले. विट्याहून जवळ आहे, डोंगराच्या कुशीत, सकाळच्या वेळी माकडं आणि गार वारा. वेळ असेल तर चुकवू नका. खिलार जनावरं बघायची आवड असेल तर आटपाडी तालुक्यातल्या खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या जत्रेचे दिवस बघून या, बाजार मोठा भरतो. मला मात्र निघायचं होतं.

गावात कुलपं परत लागायला सुरुवात झाली होती. कोलकात्याच्या वहिनींनी चादरी पुन्हा पसरल्या आणि किल्ली आज्जीच्या हातात ठेवताना तिच्या पाया पडल्या. आक्काच्या दारात दोन गाड्या भरत होत्या: चटणीच्या बरण्या फडक्यात बांधलेल्या, ज्वारीचं पोतं, शेंगा, कुरडया, सांडगे. आक्का पायरीवर बसून प्रत्येक पिशवीचं तोंड स्वतः बांधत होती. यंदा ती जाणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मी पाया पडले तेव्हा तिनं माझ्या पिशवीत एक पुडी टाकली. हुलगे होते, मूठभर.

तात्यांच्या गाडीनं मिरजेला गेलो. मला पुण्याची गाडी धरायची होती आणि तात्यांना गावातल्या एका पोराला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बसवून द्यायचं होतं. बंगळूरपर्यंत ती गाडी, पुढं कोइम्बतूर. पोरगं एकोणीस वर्षांचं, बारावी झालेलं, गलाई शिकायला पहिल्यांदाच निघालेलं. नवी बॅग, नवे बूट. आई सोबत आली होती. तिनं पिशवीतल्या वस्तू तिसऱ्यांदा मोजल्या. चटणी आहे, भाकरी आहेत, शेंगदाण्याची चटणी वेगळी आहे, लाडू आहेत.

"हुलग्याचं पीठ द्यायचं ऱ्हायलं की," ती एकदम म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "तितं मिळतंय. दुकानात गेलास तर हुलगा म्हणू नगंस. कोळ्ळू म्हण."

"कोलू?"

"कोळ्ळू. ळ म्हण. दोनदा."

गाडी हलली. आई खिडकीबरोबर चालत राहिली. पोरगं तिच्याकडं बघत होतं आणि ओठांतल्या ओठांत तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होतं.